समाजमाध्यमांवरील जातीय हेटाळणी आणि किशोरवयीन विद्यार्थी : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

समाजमाध्यमांवर जात वा जमातीवरून होणारी हेटाळणी हा जुन्या भेदभावाचाच नवा आविष्कार होय. शाळा सुटल्यावरही तो थांबत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील कोलाम व गोंड किशोरांना अनुसूचित जमातींचे म्हणून १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाचे संरक्षण मिळू शकते. त्यांच्याच वर्गातील बंजारा विद्यार्थी मात्र महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो. तोच अपमान सोसूनही त्याला हा अधिनियम लागू होत नाही. सीमेपलीकडे तेलंगणात याच समाजाची, तेथे लंबाडी म्हणून, अनुसूचित जमातींत गणना होते. म्हणजेच अपमान समान असला, तरी दाद मागण्याचा मार्ग प्रवर्ग व राज्यानुसार बदलतो. म्हणूनच कनिष्ठ महाविद्यालयांनी प्रवर्ग न पाहता प्रत्येक तक्रारीची दखल घेणे अगत्याचे ठरते.