भादली ते रावेर: नोंद राहिलीच पाहिजे

इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात निवर्तले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. दप्तरे, सनदा जपण्याचा वारसा खानदेशाला असा लाभला. याच मुलखातल्या तृतीयपंथीयांचा इतिहास मात्र बव्हंशी गुरूकडून चेल्याकडे तोंडीच चालत आला.

मराठा राजवटीत हिजड्यांना काही ठिकाणी इनाम जमिनी आणि भिक्षेचे हक्क होते. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने ते वारसांकडे चालू ठेवायला नकार दिला. १८६० च्या दंडसंहितेतल्या कलम ३७७ ने समलिंगी संबंधही गुन्हा ठरवले. हक्कदाराची नोंद पुसट झाली, संशयिताची गडद.

१९९० मध्ये अशोक राव कवी यांनी मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी समाजाचे नियतकालिक सुरू केले आणि समाज स्वतःची नोंद स्वतः ठेवू लागला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नाल्सा निकालाने आपली लिंगओळख आपणच ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१८ मध्ये प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून मुक्त झाले.

नाल्सा निकालाचे बळ खानदेशातल्या जळगाव तालुक्यात दिसले. भादली बुद्रुकच्या ग्रामपंचायत निवडणुकीत अंजली पाटील यांनी महिला राखीव जागेसाठी भरलेला अर्ज तृतीयपंथी म्हणून बाद झाला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. याचिकेवर नाव होते ‘अंजली गुरू संजना जान’. वडिलांच्या जागी गुरू. तोंडी चालत आलेली परंपरा अशी न्यायालयाच्या दप्तरात उतरली. जानेवारी २०२१ च्या आरंभी न्यायालयाने त्यांना स्त्री म्हणून लढण्याची मुभा दिली आणि त्याच महिन्यात त्या निवडूनही आल्या.

२०२४ मध्ये तृतीयपंथी शमिभा पाटील यांना वंचित बहुजन आघाडीने रावेर विधानसभेची उमेदवारी दिली. त्या हरल्या, पण त्यांची उमेदवारी निवडणुकीच्या दप्तरात कायमची नोंदली गेली.

म्हणून आता घाई करायला हवी. बाद झालेले अर्ज, प्रतिज्ञापत्रे, प्रचारपत्रके गोळा व्हावीत. वयोवृद्ध गुरूंच्या आठवणी, त्यांच्या संमतीने, त्यांच्याच अहिराणी-तावडी बोलीत ध्वनिमुद्रित व्हाव्यात. कुणाचे नाव उघड करायचे, हे त्या समाजानेच ठरवावे. उद्या एखाद्या तहसील कचेरीत पुन्हा कुणाचा अर्ज अडला, तर भादलीचा निकाल समोर ठेवता येईल. समतेची लढाई दर वेळी पहिल्यापासून लढावी लागू नये, एवढ्यासाठी हा इतिहास जपायचा.