आरमाराचे संगणक आणि ठेकेदारांची शर्यत

ठेका म्हटला की आपणां माळव्यातील मंडळींच्या डोळ्यांपुढे रस्ते, पूल, कालवे आणि सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कचेरीत उघडले जाणारे सीलबंद लखोटे उभे राहतात. ज्याचा दर सर्वांत कमी त्याच्या पदरात काम, असा हा सरळ हिशेब. परंतु आमच्या वाचकांपैकी कित्येकांची मुले आता अमेरिकेत व्हर्जिनिया, मेरीलँड या भागांत स्थायिक झाली आहेत, आणि त्यांतील काहींच्या तोंडून फोनवर एखादे दिवशी अचानक ऐकू येते : ‘आमच्या कंपनीचे काँट्रॅक्ट गेले.’ इकडे आईवडिलांच्या काळजात चर्र होते. हे कंत्राट कसले, ते गेले म्हणजे काय झाले, आणि मुलाच्या नोकरीचे पुढे काय, हे कोणी नीट समजावून सांगत नाही. म्हणून आम्ही हा विषय येथे घेतला आहे.

अमेरिकेचे संरक्षण खाते जहाजे आणि विमाने खाजगी कारखान्यांकडून विकत घेते, हे सर्वांस ठाऊक आहे. त्या खात्याच्या टेबलांवरचे संगणक, त्यांना जोडणारे जाळे, आणि ते बिघडले की दुरुस्त करणारी माणसे, हीदेखील बव्हंशी खाजगी कंपन्यांचीच असतात. या व्यवहाराचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे तेथील नौदलाचे. नौदल आणि मरीन कोअर यांच्या तळांवर पूर्वी शेकडो निरनिराळी जाळी होती. प्रत्येक तळाचा कारभार निराळा, प्रत्येकाची यंत्रे निराळी. ती सारी मोडून एकच जाळे उभारावे असे ठरले. आयबीएम, जनरल डायनॅमिक्स, कॉम्प्युटर सायन्सेस कॉर्पोरेशन (सीएससी) आणि रॉस पेरो यांनी १९६२ साली स्थापन केलेली टेक्ससमधील ईडीएस, अशा मातब्बर कंपन्या रिंगणात उतरल्या. ऑक्टोबर २००० मध्ये ६.९ अब्ज डॉलरचे हे काम ईडीएसच्या पदरात पडले. साडेतीन लाखांहून अधिक संगणकांचा तो प्रपंच होता.

जिंकणाऱ्याच्या घरी दिवाळी झाली असेल, असे कोणास वाटेल. पण येथूनच त्या कंपनीची साडेसाती सुरू झाली. कराराची मेख अशी की यंत्रे विकत घेऊन बसविण्याचा खर्च कंपनीने आधी करावयाचा, आणि नौदलाने प्रत्येक चालू टेबलामागे दरमहा भाडे द्यावयाचे. टेबल ठरल्या प्रतीचे काम देऊ लागेपर्यंत पूर्ण भाडे नाही. आता या टेबलांवर जुन्या आज्ञावली किती आहेत, याची मोजदाद निविदेपूर्वी कोणी नीट केलीच नव्हती. काही हजार असतील असा समज होता. प्रत्यक्षात आकडा लाखाच्या घरात गेला! गोदीतील एखाद्या कारकुनाने पंधरा वर्षांपूर्वी स्वतःच्या सोयीसाठी लिहिलेली आज्ञावलीही त्यांत होती, आणि तिच्यावाचून त्या गोदीचे काम अडत होते. नव्या जाळ्यात ती चालेना, जुनी टाकून देता येईना. परिणामी कित्येकांच्या टेबलांवर दोन-दोन संगणक शेजारी शेजारी बसले, एक नवे आणि एक जुने. भाडे मात्र सुरू होईना. या एका कामात ईडीएसला एक अब्ज डॉलरहून अधिक खोट आली. ऑगस्ट २००३ मध्ये ‘वेल्शिया’ नावाचा संगणकीय किडा जाळ्यात शिरला आणि सैनिकांचा रोष वाढला, तो निराळाच.

आमच्या मते दोष एकट्या कंपनीचा नव्हता. ज्या घरात किती माणसे जेवावयास आहेत हे यजमानालाच ठाऊक नाही, तेथे आचाऱ्याने मक्ता घ्यावा आणि पंगतीच्या वेळी कपाळाला हात लावावा, त्यातला हा प्रकार. मात्र मक्ता मिळविण्याच्या ईर्ष्येने दर खाली आणणारा आचारीही शहाणा म्हणता येणार नाही.

ही ईर्ष्या कशी निर्माण होते हे पाहण्याजोगे आहे. असे मोठे काम निघणार याची कुणकुण कंपन्यांना कित्येक महिने, कधी वर्षे, आधी लागते. मग माणसे जमविणे सुरू होते. गुप्त कामासाठी सरकारी तपासणीतून उत्तीर्ण झालेली माणसे लागतात, आणि ती अमेरिकेचे नागरिक असावी लागतात. लहान कंपन्यांना हाताशी धरले जाते, कारण त्यांना काही वाटा द्यावा असे सरकारचे धोरण आहे. निविदेचा मजकूर किती पानांत बसवावा याचीही मर्यादा असते. तो लिहून झाला की कंपनीतीलच एक मंडळ, ज्यास तिकडे ‘रेड टीम’ म्हणतात, सरकारी परीक्षकाच्या भूमिकेत बसून त्याची निर्दयपणे चिरफाड करते. पुन्हा लेखन, पुन्हा रात्रीची जागरणे. या सर्वांचा खर्च कंपनीचा; हरल्यास तो पाण्यात. निवड करताना सरकार दराबरोबर पूर्वीच्या कामाची कीर्तीही पाहते, आणि बऱ्याचदा अधिक चांगल्या योजनेसाठी अधिक पैसे मोजण्याची मुभा अधिकाऱ्यांस असते. कधी मात्र ‘किमान पात्रता असलेल्यांत सर्वांत स्वस्त’ हाच निकष लावतात, म्हणजे पुन्हा आपले सीलबंद लखोटेच.

हरलेला गप्प बसत नाही. तेथील संसदेच्या अखत्यारीत असलेल्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसकडे तक्रार करता येते. मुदतीत ती गेली तर सामान्यतः नव्या कंत्राटाचे काम थांबते आणि शंभर दिवसांत निकाल लागतो. अशा तक्रारी वर्षाला दीड-दोन हजार होतात. नव्यास काम सुरू करता येत नाही, म्हणून पुष्कळदा जुन्याचीच मुदत वाढते, आणि जुना हरलेला असला तरी त्याची चार महिन्यांची मिळकत चालू राहते. तक्रारींमागे न्यायाची चाड किती आणि हा हिशेब किती, हे सुज्ञ वाचकांनीच ठरवावे.

नौदलाची गोष्ट पुढे अधिक चमत्कारिक झाली. २००८ साली ह्यूलेट-पॅकार्डने (एचपी) ईडीएस विकत घेतली आणि नौदलाचे काम तिच्याकडे आले. २०१० साली कराराची मुदत संपत आली तेव्हा नौदलाच्या ध्यानी आले की आपले जाळे आपल्या मालकीचेच नाही. यंत्रे ठेकेदाराची, आणि ती कशी जोडली आहेत याची तांत्रिक माहितीही त्याच्याच हाती. ती माहिती हाती आल्याखेरीज दुसऱ्या कोणास निविदा भरण्यास बोलवावे तरी कसे? म्हणून एचपीबरोबरच सुमारे ३.३ अब्ज डॉलरचा मधल्या काळाचा करार करावा लागला, आणि त्या माहितीवरील हक्क त्यातून सरकारने मिळविले. स्वतःच्या वाड्याचा नकाशा भाडेकरूकडून विकत घेण्यासारखेच हे. २०१३ साली खुली स्पर्धा झाली, निकष स्वस्ताईचा होता. एचपी जिंकली आणि प्रतिस्पर्ध्यांच्या तक्रारी त्याच वर्षी निष्फळ ठरल्या. या हरलेल्यांत सीएससीही होती. २०१७ साली एचपीच्या वंशातील कंपनीचा सेवाविभाग आणि हीच सीएससी यांचे मीलन होऊन डीएक्ससी जन्मास आली. काल शर्यतीत परस्परांस पाडणारे आज एका ताटात जेवू लागले. २०१८ साली त्यातून सरकारी कामाचा भाग वेगळा होऊन पर्स्पेक्टा निघाली. फेब्रुवारी २०२० मध्ये नव्या स्पर्धेत ७.७ अब्ज डॉलरचे काम लायडॉस या कंपनीस मिळाले. पर्स्पेक्टा आणि जनरल डायनॅमिक्सची शाखा यांनी तक्रारी केल्या. जून २०२० मध्ये लायडॉसचा मार्ग मोकळा झाला. पुढल्याच वर्षी पर्स्पेक्टा विकली गेली आणि पेरेटनमध्ये विलीन झाली.

‘जेडाय’ या कंत्राटाची कथा वर्तमानपत्रांतून आली होती, म्हणून थोडक्यात. दहा अब्ज डॉलरपर्यंतचे सर्व काम एकाच कंपनीस द्यावयाचे असा संरक्षण खात्याचा हट्ट होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये ते मायक्रोसॉफ्टला मिळाले, अ‍ॅमेझॉन न्यायालयात गेली, फेब्रुवारी २०२० मध्ये स्थगिती आली आणि जुलै २०२१ मध्ये कंत्राटच रद्द झाले. डिसेंबर २०२२ मध्ये त्याऐवजी नऊ अब्ज डॉलर मर्यादेचे काम अ‍ॅमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि ओरॅकल अशा चौघांत वाटले गेले. चौघांना बोलवावयाचेच होते, तर तीन वर्षे वादात का घालविली, असा प्रश्न आम्हांस पडतो.

आता आईवडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. कंत्राट गेले म्हणजे माणूस रस्त्यावर आला असे बहुधा होत नाही. नौदलाच्या जाळ्यातील बारकावे जाणणारी, तपासणीतून उत्तीर्ण झालेली माणसे नव्या ठेकेदारास एका रात्रीत कोठून मिळणार? तो जुन्यांनाच पत्र पाठवितो. सोमवारी तोच माणूस त्याच इमारतीत त्याच टेबलाशी बसतो. गळ्यातील ओळखपत्र तेवढे बदलते. तोशीस लागते ती अन्यत्र. साचलेली रजा, विम्याची पद्धत, नोकरीची ज्येष्ठता हे सारे नव्याने मोजले जाते. पगार कधी खाली येतो, विशेषतः नव्याने दर पाडून काम मिळविले असेल तेव्हा, कारण पाडलेला दर अखेर वेतनातूनच निघावयाचा. निविदा लिहिण्यासाठी किंवा वरच्या व्यवस्थापनात असलेल्यांची जागा मात्र खरोखर जाते. तेव्हा मुलाचा फोन आला तर ‘नोकरी गेली का?’ असे विचारण्यापूर्वी नव्या कंपनीचे पत्र आले का, आणि त्यात जुनी वर्षे धरली आहेत का, हे विचारावे.