ल्यूथर मार्टिनची पाचर

अमेरिकन राज्यघटनेच्या जन्मकथेत मॅडिसन, हॅमिल्टन, वॉशिंग्टन यांचा उदोउदो भरपूर झाला आहे. त्या कथेच्या कडेला मेरीलँडचा एक गबाळा, दारूबाज, अखंड बोलणारा वकील उभा आहे, आणि गेली कित्येक वर्षं माझी नजर त्याच्यावरून हटत नाही. ल्यूथर मार्टिन. राज्यांच्या सार्वभौमत्वाचा इतका कडवा कैवारी घटना लिहिणाऱ्या त्या अधिवेशनात क्वचितच दुसरा असेल. आणि आज केंद्र सरकार ज्या कलमाच्या जोरावर राज्यांना गप्प बसवतं, ते कलम ठराव मांडून मंजूर करून घेणाराही हाच.

२७ जून १७८७ला, फिलाडेल्फियाच्या उकाड्यात, तो तीन तासांहून अधिक बोलला. उरलेलं दुसऱ्या दिवशी बोलला. मॅडिसनच्या टिपणांत त्या पाल्हाळाचा वैताग लपत नाही. मुद्दा मात्र सरळ होता. केंद्र हे राज्यांनी, राज्यांच्या रक्षणासाठी उभं करायचं; त्याने राज्यांच्या घरच्या कारभारात नाक खुपसायचं नाही.

एक लोकसंख्येनुसार आणि दुसरं राज्यांना समान जागा देणारं, ही दोन सभागृहांची तडजोड वाचकांना ठाऊकच आहे. १७ जुलैपाशी मात्र थांबायला हवं. राज्यांचे कायदे रद्द करण्याचा नकाराधिकार केंद्रीय विधिमंडळाला मिळावा, असा मॅडिसनचा हट्ट होता. त्या दिवशी तो फेटाळला गेला. लगेच मार्टिन उठला. केंद्राचे कायदे आणि तह राज्यांमध्ये सर्वोच्च मानावेत, राज्याचा कायदा आड आला तरी तिथल्या न्यायाधीशांनी ते पाळावेत, असा ठराव त्याने ठेवला. कोणीही विरोध केला नाही.

मला त्याचा डाव स्पष्ट दिसतो. नकाराधिकाराने पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून पाचर मारायची, आणि तंट्याचा निवाडा निदान सुरुवातीला तरी राज्याच्याच न्यायाधीशाकडे ठेवायचा. शिवाय त्याच्या मसुद्यात केंद्रापुढे झुकत होते ते राज्यांचे कायदे. राज्यांच्या घटना नव्हेत. पुढच्या काही आठवड्यांत इतरांनी त्या घटनाही खाली आणल्या आणि केंद्रीय घटना सर्वांच्या वर बसवली. सप्टेंबरच्या सुरुवातीला मार्टिन सही न करताच निघून गेला. मग गुप्ततेचा नियम धाब्यावर बसवून त्याने मेरीलँडच्या विधिमंडळापुढे आतली सगळी हकिकत सांगितली. आपलं कलम कसं पालटलं, याची तक्रार त्याने पुढे वृत्तपत्रातून केली. विधिमंडळापुढच्या त्या हकिकतीत गुलामांच्या व्यापाराला दिलेल्या संरक्षणावरही तो तुटून पडतो, स्वतःच्या घरी गुलाम असताना. राज्यांच्या हक्कांचा झेंडा पुढे ज्या दक्षिणी मळेवाल्यांनी मिरवला, त्यांना मार्टिनचा हा भाग आठवणं परवडणारं नव्हतं.

१८१९मध्ये तेच कलम मार्टिनवर उलटलं. राज्याच्या सनदेविना चालणाऱ्या बँकांनी मुद्रांकित कागद वापरावा, नाहीतर वर्षाला १५,००० डॉलर भरावेत, असा कायदा मेरीलँडने केला होता. रोख उघडच केंद्राच्या सनदेवर चालणाऱ्या बँकेच्या बाल्टिमोर शाखेवर होता. रोखपाल मॅकलॉकने कर भरला नाही. (हे गृहस्थ पुढे बँकेच्याच पैशांच्या भानगडीत बडतर्फ झाले.) सर्वोच्च न्यायालयात मेरीलँडतर्फे महाधिवक्ता मार्टिन उभा राहिला. घटना मंजूर करून घेताना तिच्या समर्थकांनी राज्यांना काय काय आश्वासनं दिली होती, ते त्याने जुन्या अधिवेशनांतल्या भाषणांतून वाचून दाखवलं. व्हर्जिनियाच्या अधिवेशनातल्या वक्त्यांपैकी एक, जॉन मार्शल, समोर सरन्यायाधीश म्हणून बसला होता!

६ मार्चला एकमताने निकाल लागला. बँक वैध, कर अवैध. केंद्राचे अधिकार मर्यादित आहेत हे मार्शलने मान्य केलं. पण त्या मर्यादेत साधनं कोणती वापरायची ते काँग्रेस ठरवील, आणि केंद्राच्या साधनावर कर लादून राज्य ते मोडून काढू शकत नाही, कारण केंद्राचा कायदा सर्वोच्च. आधार मार्टिनच्याच कलमाचा, इतरांनी पालटलेल्या रूपातला. (आपल्याकडे भारतीय राज्यघटनेच्या कलम २८५ने केंद्राच्या मालमत्तेला राज्यांच्या करांतून सूट देऊन हा वाद बराचसा लिहूनच मिटवला.) मार्शलचा तर्क मला आजही बिनतोड वाटतो. तरी केंद्राच्या मर्यादा केंद्राच्याच न्यायालयाने ठरवायच्या, ही मार्टिनची धास्ती त्याने खोडली असं म्हणवत नाही.

त्याच वर्षी मार्टिनला पक्षाघात झाला. पैसा दारूत आणि उधळपट्टीत गेलेला. १८२२मध्ये मेरीलँडच्या विधिमंडळाने त्याच्या पोटापाण्यासाठी राज्यातल्या प्रत्येक वकिलावर वर्षाला पाच डॉलरचा कर बसवला. माणूस वादात हरला, पण राज्याने कर लादण्याचा हक्क असा त्याच्यासाठी वापरला. वर्षभराने तो ठराव रद्द झाला. तोवर मार्टिनला न्यूयॉर्कमध्ये आसरा मिळाला होता, आरन बर याच्या घरी. १८०७मध्ये देशद्रोहाच्या खटल्यात मार्टिनने याच बरचा बचाव केला होता, आणि त्या खटल्यामागे हात धुऊन लागलेला होता राष्ट्राध्यक्ष जेफरसन. केंटकीच्या ठरावांमधून राज्यांची बाजू लिहिणारा जेफरसन आणि राज्यांसाठी घसा कोरडा करणारा मार्टिन खरं तर एकाच गोटात असायला हवे होते. पण जेफरसनने आपल्या पुस्तकात मार्टिनच्या सासऱ्यावर खुनाचा ठपका ठेवला होता. त्या रागापायी मार्टिन बळकट केंद्राची बाजू घेणाऱ्या फेडरलिस्टांना जाऊन मिळाला, आणि जेफरसनने त्याला फेडरलिस्टांचा बुलडॉग म्हणून हिणवलं.