टर्बोचार्जरची निवड



गेल्या महिन्यांत एका रविवारीं सकाळीं माझा भाचा घरीं आला, तो हातांत कागदांची एक गुंडाळी घेऊनच. दोन वर्षांपूर्वीं त्यानें २०१७ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आर-एस ही गाडी दुसऱ्या मालकाकडून घेतली. चहा पुढें येण्यापूर्वींच त्यानें प्रश्न टाकला, "मामा, गाडीला चारशें अश्वशक्तीचा टर्बो बसवायचा आहे. पैसे बाजूला ठेवले आहेत. कोणता घेऊं?" मीं विचारलें, "ही चारशें अश्वशक्ति तूं खर्च कोठें करणार?" तो हंसला, पण उत्तर त्याला देतां आलें नाहीं. त्या सकाळीं आमच्यांत जें बोलणें झालें त्याचाच विस्तार आज आपणांपुढें करीत आहें. वेगवान गाडीची हौस असलेले तरुण आतां बऱ्याच घरांत आढळतात, आणि हा खर्च नेमका कशावर होतो हें त्यांच्या वडीलधाऱ्यांनाही ठाऊक असलेलें बरें.

एंजिनांत पेट्रोल जाळावयाचें तर हवा लागते. वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें साडेचौदा भाग हवा, असा हा हिशेब आहे. पेट्रोल हवें तितकें आंत सोडतां येतें. हवा मात्र सिलिंडराच्या मापानेंच मिळते, आणि शक्तीची मर्यादा तेथें पडते. लोहार भात्यानें वारा घालतो तेव्हां कोळसा तोच असूनही भट्टीची आंच वाढते. टर्बोचार्जर हा एंजिनाचा भाता होय. फरक इतकाच कीं हा भाता ओढावयास वेगळा माणूस लागत नाहीं. एंजिनांतून बाहेर पडणारा तप्त वायु टर्बाइन नांवाचें एक चाक फिरवितो, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास असलेलें कॉम्प्रेसरचें चाक बाहेरची हवा दाबून एंजिनांत लोटतें. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्यानें या कल्पनेचें पेटंट १९०५ मध्यें घेतलें. १९१८ मध्यें अमेरिकेंत सॅनफर्ड मॉस यानें विमानाचें एक एंजिन पाइक्स पीक या सुमारें १४,००० फूट उंचीच्या शिखरावर नेलें, आणि तेथील विरळ हवेंतही टर्बोचार्जरच्या साह्यानें त्याची समुद्रसपाटीवरची शक्ति भरून निघते हें दाखवून दिलें.

विमानाचें किंवा जहाजाचें एंजिन तासन्‌तास एकाच गतीनें चालतें. मोटारीचें तसें नाहीं. सिग्नलपाशीं ती मिनिटास आठशें फेऱ्यांवर गुरगुरत उभी असते, आणि पुढच्याच क्षणीं तिच्याकडून पांच हजारांची अपेक्षा केली जाते. भाता कोणत्या मापाचा असावा हा प्रश्न मोटारीच्या बाबतींत अवघड होतो तो यामुळें.

या प्रश्नाचीं दोन उत्तरें १९७० नंतरच्या दशकांत युरोपांत मिळालीं. बीएमडब्ल्यू कंपनीची '२००२ टर्बो' ही गाडी १९७३ मध्यें आली. तिची शक्ति १७० अश्वशक्ति. पण ती फेऱ्या बऱ्याच चढल्यावर, आणि तीही एकाएकीं हाती लागे. पाय दाबावा, वाट पाहावी, आणि नेमकी वळणाच्या मध्यावर ती शक्ति चाकांवर येऊन आदळावी, अशी तिची ख्याति झाली. स्वीडनच्या साब कंपनीनें १९७७ मध्यें '९९ टर्बो' पुढें आणली. १९८५ घन सेंटिमीटरचें एंजिन, शक्ति १४५ अश्वशक्ति. आंकडा लहान, परंतु टर्बो मुद्दाम छोटा निवडलेला, आणि दाब प्रमाणाबाहेर जाऊं लागतांच धुराचा कांहीं भाग परस्पर बाहेर सोडणारी झडप, म्हणजे वेस्टगेट, जोडलेली. रोजच्या वापरांत गाडी ज्या फेऱ्यांवर चालते तेथेंच तिचा जोर मिळे. पुढें घरोघरीं ज्या टर्बो गाड्या आल्या त्यांनीं बहुतांशीं साबचाच मार्ग धरला आहे.

माझ्या भाच्याची गाडी त्याच वंशांतली. तिच्या १९८४ घन सेंटिमीटरच्या एंजिनावर आयएचआय या जपानी कंपनीचा लहान टर्बो असतो. हौशी मंडळी त्यास 'आयएस-२०' म्हणतात. शक्ति २३० अश्वशक्ति, आणि ३५० न्यूटन-मीटरचा पूर्ण पीळ १,५०० फेऱ्यांपासूनच मिळतो. याच घराण्यांतील फोक्सवॅगन गोल्फ आर या गाडीच्या एंजिनावर त्याच कंपनीचा मोठा 'आयएस-३८' बसविलेला होता. तेथें ३०० अश्वशक्ति व ३८० न्यूटन-मीटर, पण हा पीळ १,८०० फेऱ्यांपासून. म्हणजे सत्तर अश्वशक्तीच्या मोबदल्यांत खालच्या तीनशें फेऱ्या कंपनीनें सोडल्या. अवघ्या तीनशें! सौदा वाईट नव्हे. परंतु चारशेंकडे जातांना हा मोबदला याच हिशेबानें वाढत नाहीं. एखादें चाक सर्व बाजूंनीं सारख्या प्रमाणांत मोठें केलें तर त्याची फिरण्यास विरोध करणारी जडता व्यासाच्या पंचम घातानें वाढते. व्यास वीस टक्क्यांनीं वाढला कीं जडता जवळजवळ अडीचपट. पाय दाबणें आणि जोर येणें यांमधील जी रिकामी घटका, जिला 'लॅग' म्हणतात, तिचें मुख्य कारण हेंच.

मग निवड करावयाची कशी? मीं भाच्याला कागद-पेन्सिल घ्यावयास लावलें. श्रोत्यांनींही हा हिशेब ऐकावा. तो शाळेंतल्या अंकगणिताच्या पलीकडचा नाहीं.

फोर-स्ट्रोक एंजिनाचे सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदां भरतात. मिनिटास ६,००० फेऱ्या म्हणजे तीन हजार वेळां भरणें. तीन हजार गुणिले १.९८४ म्हणजे सुमारें ५,९५० लिटर. सिलिंडर कधीं पुरा भरत नाहीं, नऊदशांश धरूं. राहिले सुमारें ५,३५० लिटर. समुद्रसपाटीवर हजार लिटर हवेचें वजन १.१८ किलोच्या आसपास असतें, तेव्हां टर्बोवांचून हें एंजिन मिनिटास सव्वासहा किलो हवा घेईल. कारागिरांचा एक ढोबळ नियम आहे, कीं मिनिटास एक किलो हवेमागें सुमारें बावीस अश्वशक्ति मिळतात. म्हणजे टर्बो नसतां १४० अश्वशक्ति. २३० साठीं साडेदहा किलो. ३०० साठीं साडेतेरा. आणि ४०० साठीं अठरा किलो. सव्वासहाच्या जागीं अठरा! त्यांत दाबलेली हवा तापून फुगलेली असते, म्हणून एंजिनाच्या तोंडाशीं एकंदर दाब वातावरणाच्या तिप्पट तरी ठेवावा लागतो.

हे दोन आंकडे, किती हवा आणि किती पट दाब, हातीं आले कीं कॉम्प्रेसरचा नकाशा उघडावा. गॅरेट, बोर्गवॉर्नर यांसारख्या कंपन्या तो प्रसिद्ध करतात. आडव्या रेषेवर हवेचें प्रमाण, उभ्या रेषेवर दाबाचें गुणोत्तर, आणि मध्यें भूगोलाच्या नकाशांत डोंगर दाखवितात तशीं एकांत एक वळीं. सर्वांत आंतलें वळें म्हणजे कार्यक्षमतेचें शिखर. डावीकडे एक तिरकी सीमारेषा असते. तिच्या पलीकडे हवा पुढें जाण्याऐवजीं उलटी फिरते, फडफड असा आवाज होतो, आणि बेअरिंगला दणके बसतात. यास 'सर्ज' म्हणतात. उजवीकडे कॉम्प्रेसरचा घसा कोंडतो. कितीही वेगानें फिरविला तरी अधिक हवा जात नाहीं.

बहुतेक खरेदीदार या नकाशावर एकच ठिपका मांडतात, तो सर्वोच्च शक्तीचा. वस्तुतः डावीकडचा ठिपकाही तितक्याच काळजीनें मांडला पाहिजे. ३,००० फेऱ्यांवर दुप्पट दाब हवा असेल तर आपलें एंजिन सहा किलोहूनही कमी हवा गिळतें. फार मोठ्या कॉम्प्रेसरच्या नकाशांत हा ठिपका सर्जच्या रेषेबाहेर पडतो; आणि रोजचा निम्मा प्रवास तर याच ठिपक्याच्या आसपास घडत असतो.

वळ्यांचें महत्त्व उष्णतेंत आहे. ३० अंशांची हवा दुप्पट दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७२ टक्के असली तर ती सुमारें १२० अंशांवर जाते. कार्यक्षमता ६० टक्क्यांवर घसरली तर १४० वर. इंटरकूलर ती थंड करतो हें खरें, पण मे महिन्यांत रांगेंत अडकलेल्या गाडीच्या इंटरकूलरला वारा कोठून मिळणार? अति तापलेल्या हवेंत पेट्रोल ठिणगीची ज्वाला पोहोंचण्याची वाट न पाहतां आपोआप पेटूं लागतें, आणि एंजिनांत खडखडाट ऐकूं येतो. तो 'नॉकिंग'चा आवाज ज्यानें दुर्लक्षिला त्यानें पिस्टन गमावला असें समजावें.

हें मी पुस्तकांतून सांगत नाहीं. तरुणपणीं एका लहान पेट्रोल गाडीला मीं एका ट्रकच्या डिझेल एंजिनावरून काढलेला टर्बो बसवून घेतला होता. बसविणारा कारागीर हाताचा चांगला होता. हिशेब मात्र त्यानेंही केला नाहीं आणि मींही नाहीं. पेट्रोलचा पुरवठा जुनाच राहिला. खंबाटकीच्या घाटांत, चढाच्या मध्यावर, दाब चढला, पेट्रोल अपुरें पडलें, आणि एका पिस्टनला रुपयाएवढें भोंक पडलें. गाडींत मागें आई बसली होती. दोन तास ती रस्त्याच्या कडेला एका दगडावर छत्री घेऊन बसून राहिली. मला एका शब्दानेंही बोलली नाहीं. ती बोलली असती तर बरें झालें असतें.

टर्बाइनच्या बाजूचें थोडक्यांत सांगतों. बागेंत पाणी घालतांना नळीच्या तोंडाशीं अंगठा धरला कीं धार जोरानें सुटते, तसें टर्बाइनचें कवच अरुंद असलें तर थोड्या धुरांतही चाक लवकर वेग घेतें. पण वरच्या फेऱ्यांवर तोच अंगठा एंजिनाचा उच्छ्वास कोंडतो. रुंद कवचाचें बरोबर उलट. म्हणून एकाच कॉम्प्रेसरबरोबर निरनिराळ्या मापांचीं कवचें विकावयास असतात.

आणखी एक गोष्ट आपल्या मुलुखास विशेष लागू आहे. मुंबईच्या मानानें महाबळेश्वरीं हवेचा दाब सुमारें ८६ टक्के असतो. एंजिनाला तोच दुप्पट दाब द्यावयाचा तर तेथें कॉम्प्रेसरला २.३ पट दाबावें लागतें. चाक अधिक वेगानें फिरतें. लहान टर्बो मिनिटास दोन लाख फेऱ्यांच्या घरांत फिरणारा. मुंबईंत तो मर्यादेच्या कांठावर चालविला असेल तर घाटमाथ्यावर ती मर्यादा ओलांडतो. तेव्हां नकाशावर ठिपका मांडतांना वर थोडी जागा राखावी.

किंमतीविषयीं बोलावयाचें तर, टर्बोची किंमत ही खर्चाचा एक भागच असते. चारशेंच्या घरांत जातांना पेट्रोलचा पंप, इंटरकूलर, क्लच व गिअरबॉक्स यांचा विचार ओघानें येतोच, आणि नियंत्रक संगणकाची मांडणी जाणत्या माणसाकडून नव्यानें करवून घ्यावी लागते. अर्ध्या किंमतीला मिळणाऱ्या नकला मी तरी हातांत धरणार नाहीं. त्यांचा नकाशा कोणी काढलेला नसतो, मग ठिपका मांडावा तरी कशावर?

कायद्याची बाजू भाच्याच्या कागदांत कोठेंच नव्हती. मोटार वाहन कायदा, १९८८, याचें ५२ वें कलम नोंदणीपत्रांतील, म्हणजेच उत्पादकानें मूळ ठरविलेल्या, तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई करतें. आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या कलमाचा अर्थ कडकपणें लावला आहे. विमा कंपनीला अंधारांत ठेवून केलेला फेरफार अपघाताच्या दिवशीं उघडकीस आला तर भरपाईचा वाद ओढवतो. कोइंबतूरजवळ कारी, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाई येथें शर्यतीचे बंदिस्त मार्ग आहेत. केवळ तेथेंच न्यावयाच्या गाडीची गोष्ट वेगळी. भाच्याची गाडी मात्र रोज ठाण्याहून अंधेरीस जाते.

मीं त्याला एकच काम सांगितलें. गाडीच्या संगणकांतून आठवडाभराची नोंद काढ, आणि एंजिन कोणत्या फेऱ्यांवर किती वेळ चाललें तें मला दाखव. पुढच्या रविवारीं तो आला. साडेचार हजारांच्या वर सबंध आठवड्यांत मिळून अकरा मिनिटें. त्यांतलीं सात एकट्या शनिवारचीं, लोणावळ्याच्या वाटेवरचीं. कागद टेबलावर ठेवून तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "मामा, आधीं इंटरकूलर बदलतों आणि ब्रेक. टर्बोचें दिवाळीनंतर बघूं." चारशेंचा नाद त्यानें सोडला आहे असें मला वाटत नाहीं. जातांना नकाशाचा कागद त्यानें नीट घडी करून खिशांत घातला, आणि त्यावर डावीकडचा ठिपका त्यानें स्वतःच, लाल पेन्सिलीनें, मांडलेला होता.