एका घरातले दोन संगणक

आमच्या घरी दोन संगणक आहेत. दादाचा जुना संगणक टेबलावर असतो आणि काकांचा लॅपटॉप आहे. दोन्ही वायफायच्या डबीला जोडलेले आहेत. त्या डबीला राउटर म्हणतात. राउटर प्रत्येक संगणकाला नंबर देतो. आमच्याकडचे नंबर १९२.१६८ पासून सुरू होतात. मग पोस्टमनसारखी फाईल बरोबर त्या नंबरावर पोचते. ह्याला इंटरनेट लागत नाही. मला खरेच वाटेना. तेव्हा दादाने बाहेरून येणारी वायर काढून दाखवली, तरी फोटो उघडला!

काकांकडे विंडोज आहे आणि दादाकडे लिनक्स. विंडोजची फाईल मागायची जी रीत आहे, तिला एसएमबी म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ साली ती रीत दुसऱ्या संगणकांनाही यावी असा प्रोग्राम लिहिला. पुढे त्याला नाव हवे होते. एस, एम, बी ही अक्षरे असलेला शब्द शोधला, तर सांबा सापडला. सांबा हा ब्राझीलचा नाच आहे. मला हे फार आवडले.

दिवाळीत माझ्या हातून चूक झाली. लॅपटॉपवरून मी आजीचा फोटो पुसला. म्हटलं, दादाकडे दुसरा आहेच की! पण लॅपटॉपवर दिसत होती ती नक्कल नव्हतीच. दादाच्या संगणकातला फोल्डरच मी लांबून बघत होते. फोटो दोन्हीकडून गेला, कचरापेटीतसुद्धा सापडला नाही. त्या एकाच फोटोत आजी हसत होती. मी खूप रडले.

आता दादाने त्या फोल्डरला 'फक्त वाचा' असं करून ठेवलंय. मला सगळे फोटो दिसतात, पुसता एकही येत नाही.