राखणदार घड्याळ

संगणक अडकून पडला, की आपण तो बंद करून पुन्हा चालू करतो. पण दूर डोंगरावरच्या स्वयंचलित पर्जन्यमापकातला संगणक अडकला तर? तिथे ना माणूस, ना दूरध्वनीची तार. ऐन पावसाळ्यातल्या नोंदी बुडायच्या!

म्हणून अशा यंत्रात ‘वॉचडॉग टायमर’ म्हणजे राखणदार घड्याळ असते. ते सतत उलटे आकडे मोजते. कामाची प्रत्येक फेरी पुरी झाली, की संगणक त्याला पुन्हा पहिल्या आकड्यावर नेतो. फेरी मध्येच अडकली, तर घड्याळ शून्यावर पोचते आणि संगणकाला पहिल्यापासून सुरू करते.

जुलै १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचे एक महत्त्वाचे काम अधूनमधून अडकू लागले. ते वेळेत झाले नाही, की याच तत्त्वाने संगणक आपोआप पुन्हा सुरू होई. त्या दिवशीची उरलेली कामे लांबणीवर पडत, पण यान वाचले. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या तशाच संगणकावर चूक शोधून दुरुस्ती पाठवली.

एक पथ्य मात्र पाळावे लागते. घड्याळ मागे नेण्याची सूचना मुख्य कामाच्या शेवटीच हवी. ती दुसरीकडून आपोआप मिळत राहिली, तर काम ठप्प होऊनही राखणदार गप्पच राहील. वर्गात हजेरी न घेताच ‘सर्व हजर’ लिहावे, तसेच हे!