जांघेतली जुनी वाट

मालेगावच्या यंत्रमाग कारखान्यात सुताने भरलेला बीम मागावर चढवताना एखाद्याच्या जांघेत कळ येते, हाताला फुगवटा लागतो. वजन चुकीचं उचललं म्हणून हर्निया झाला, असं घरचे म्हणतात. तोही स्वतःलाच दोष देतो आणि महिनोन् महिने दुखणं लपवतो. हा दोष त्याच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं. त्या फुगवट्याची तयारी फार आधी सुरू झालेली असते.

गर्भात मुलाचे वृषण पोटात, मूत्रपिंडांजवळ तयार होतात आणि जन्माआधी जांघेच्या वाटेने खाली उतरतात. जाताना पोटाच्या अस्तराची एक पिशवी सोबत नेतात. पुढे ती मिटायला हवी, पण काहींची उघडीच राहते आणि पन्नाशीतही आतडं त्याच वाटेने उतरू शकतं. म्हणूनच आयुष्यात कधीतरी हा हर्निया होण्याची शक्यता पुरुषांत सुमारे 27 टक्के, तर स्त्रियांत जेमतेम 3 टक्के असते.

पिशवी मिटलेली असली तरी पोटाची भिंतच विरू शकते. तिची ताकद कोलॅजेन या प्रथिनावर असते. हर्नियाच्या अनेक रुग्णांत त्याचा मजबूत प्रकार कमी आणि नाजूक प्रकार जास्त आढळतो. वडील-भावांना हर्निया असेल तर धोका वाढतो, तो काही अंशी यामुळेच. तंबाखूचा धूरही कोलॅजेनची झीज वाढवतो. आणि हो, हा आजार लठ्ठांचा नव्हे. सडपातळ माणसांत तो जास्त दिसतो.

मग वजनाचं काय? वर्षानुवर्षं ओझी वाहण्याशी काही अभ्यासांत संबंध दिसला आहे. एका उचलण्याने मात्र बहुधा आधीच कमजोर असलेली जागा उघडी पडते, एवढंच. मला जास्त काळजी खोकल्याची वाटते. सुताची धूळ आणि बिडी यांनी जडलेला खोकला दिवसभर पोटातून त्याच जागेवर दाब देत राहतो. बद्धकोष्ठता किंवा वाढलेल्या प्रोस्टेटमुळे कुंथणंही तसंच.

भिंतच कमजोर असल्याने ती नुसती ताणून शिवली तर हर्निया पुन्हा होऊ शकतो. म्हणून शस्त्रक्रियेत जाळी बसवतात. ती महाग पडते, हे ओळखून शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं. सहकाऱ्यांसह त्यांनी हे अनुभव 2003मध्ये प्रसिद्ध केले. पुढे युगांडातल्या चाचणीत, 2016मध्ये, अशी स्वस्त जाळी महागड्या जाळीच्या तोडीची ठरली.